भैरूची गोळी, गल्लीची रोटी

१२ एप्रिल १९८६, शनिवार

अर्धा दिवस बँक. दुपारी घरी. ऊन म्हणजे नुसता जाळ! शास्त्री नगरातली झाडून सगळी कुत्री नालीत पोट टेकून पडलेली, गाई भिंतीच्या सावलीला. आणि आमचा भैरू? अंगणाच्या मधोमध, तापल्या फरशीवर, गाढ झोपलेला! मला त्या फरशीवर चप्पल काढवेना. काळं कुत्रं, त्यात एवढं जाडजूड, आणि सावली सोडून ऊन शोधतंय?

मांजींना विचारलं. (घरमालकीण. त्या खाली, मी वरच्या दोन खोल्यांत, बदलीवर, गेल्या दिवाळीपासून.) म्हणाल्या, "बूढ़ा हो गया, बाईजी. हड्डियाँ सेकता है." सहा वर्षांचं कुत्रं म्हातारं कसं?

संध्याकाळी समोरचे शर्माजी आले. सचिवालयात आहेत. रास वृश्चिक, साडेसाती चालू, मुलीचं लग्न दोनदा ठरून मोडलेलं. म्हणून दर शनिवारी काळ्या कुत्र्याला मोहरीच्या तेलात थबथबलेली रोटी. गल्लीत काळं कुत्रं एकच, त्यामुळे शर्माजींच्या मागे आणखी काही घरं असतातच. भैरू उठलासुद्धा नाही. पडल्या पडल्या खाल्लं.

१३ एप्रिल, रवि.

आज भैरवाचा वार. म्हणजे परत भैरू! गुळाचे पुए (आपले घारगेच), इमरती, कुणाची तरी उरलेली खीर. शिवाय रोज प्रत्येक घरातली पहिली रोटी गाईची आणि शेवटची कुत्र्याची, ती वेगळीच. आमच्या मिरजेकडे भैरोबाला नैवेद्य दाखवतात आणि मग माणसं खातात. इथे देवाचं वाहनच थेट पानावर.

सकाळी सावलीत होता तेव्हा त्याच्या कानांना हात लावून पाहिला. गार. शेपटीचे केस गेलेत, उंदराची शेपटी दिसते. मानेखालीही टक्कल. आणि चेहरा असा सुजलेला, दुःखी, जणू कुणीतरी त्याला आत्ताच रागावलंय. डोक्यातून जात नाही.

२० एप्रिल, रवि.

मांजींचा मुलगा कैलास जवळच्या चौमूं गावाहून आला. तिथे धान्याची दुकानदारी आहे. भैरूकडे बघून नाकाला रुमाल. "अम्मा, ये खुजली वाला कुत्ता बच्चों को भी लगा देगा." राखीला बायकामुलांना घेऊन येणार आहे. तोवर हा बरा झाला नाही तर जाताना जीपमध्ये घालून सीकर रोडवर लांब कुठेतरी सोडून देईन म्हणाला. अगदी सहज. पोतं उतरवून ठेवावं तसं.

मांजी उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या, चुरम्याचा लाडू आणला, वर तूप ओतलं, भैरूपुढे ठेवला. "खा ले." त्यांच्या यजमानांनी आणलं होतं हे पिल्लू, कोटाच्या खिशात घालून. त्याच थंडीत ते गेले.

मी जिन्यात उभी होते. तोंडातून गेलंच, "मी बघते याचं." कैलासनं माझ्याकडे असं पाहिलं! बोलून तर बसले. आता?

२३ एप्रिल, बुध.

रजा टाकली. भैरूला सायकलरिक्षात घालायला तिघे लागले. रिक्षावाला म्हणतो, "बहनजी, ये कुत्ता है या पाड़ा?"

जनावरांचा दवाखाना. डॉ. माथुर, पिकल्या मिशांचे, सारखी वेलची चघळतात. गुरांच्या काट्यावर भैरू भरला अडतीस किलो. गावठी कुत्रं! निम्म्याला जरा वर असायला हवं होतं म्हणाले. मी म्हटलं, खरूज आहे, सगळे म्हणतात. त्यांनी विचारलं, "खुजाता है?"

मी विचार केला. इतके महिने बघतेय त्याला. "नहीं."

"कभी नहीं?"

"कभी नहीं."

डॉक्टर हसायलाच लागले, आनंदानं. "तो ये कैसी खुजली है जिसमें कुत्ता खुजाता ही नहीं?" मग उन्हात झोपतो ते सांगितलं, कान गार ते सांगितलं. एकदम ताठ बसले. छातीला नळी लावून कितीतरी वेळ ऐकत राहिले. मलाही ऐकवलं. ठोका पडतो आणि मग वाट बघायला लावतो. दुसरा पडेपर्यंत माझाच जीव वरखाली.

म्हणाले, गळ्यात एक छोटी ग्रंथी असते, थायरॉईड. माणसाला असते तशीच. याची झोपी गेलीय. म्हणून थंडी वाजते, केस जातात, हालचाल नको वाटते, आणि खाल्लेलं सगळं अंगावर चढतं. "इसका चूल्हा बुझ गया है, और आप लोग लकड़ी डाले जा रहे हैं."

म्हणजे रोग आहे! म्हातारपण नाही, आळस नाही, खरूज नाही. रोग आहे आणि त्याला नाव आहे! रिक्षात परत येताना भैरूचं डोकं मांडीवर धरून मी एकटीच हसत होते. रिक्षावाला मागे वळून वळून बघत होता.

२८ एप्रिल, सोम.

रक्त माणसांच्या लॅबमध्ये दिलं होतं. कुत्र्याचं असं कुणी तपासतच नाही. ग्रंथीची खरी तपासणी दिल्लीला करावी लागते म्हणे. इथे निदान चरबी तरी कळते. रिपोर्ट घ्यायला गेले. तिथल्या माणसानं नाव वाचलं: भैरू, पुरुष, वय सहा. घाबरून माझ्याकडे बघितलं. "माताजी, इतने छोटे बच्चे का कोलेस्टेरॉल इतना? खिलाते क्या हैं आप?"

मी म्हटलं, "पूरी गली खिलाती है."

डॉ. माथुरांना सांगितलं तर वेलची घशात गेली त्यांच्या.

ठरलं. दिल्लीची वाट बघायची नाही. माणसांचीच थायरॉईडची गोळी सुरू करायची. बरोबर असेल तर दोन-तीन आठवड्यांत स्वतःच उठेल म्हणाले. चुकीची असेल तर? "तो मैं ग़लत, और क्या." असा डॉक्टर मला आवडतो.

२९ एप्रिल, मंगळ.

औषधांच्या दुकानात झुंबड. दुकानदार चिठ्ठी हातात धरून थांबला. "ये खुराक ग़लत लिखी है. इतने में तो आदमी दौड़ पड़ेगा." म्हटलं, भैया, दौडना ही तो है. कुत्र्याला माणसापेक्षा कितीतरी जास्त लागते, त्याच्या अंगातून ती भराभर निघून जाते. हे मी त्याला असं समजावलं जणू जन्मभर हेच करत आलेय!

खाण्याचे नियम डॉक्टरांनी तोंडी सांगितलेत. सकाळी उपाशीपोटी गोळी. तासभर काही नाही. मग जेवण, दिवसातून दोनदा, मोजून. तूप, तेल, गोड बंद. अंडं किंवा उकडलेलं मटण द्या म्हणाले. मी म्हटलं, घर जैनांचं आहे. "तो पनीर. पर मलाई निकाल के." मुगाची डाळ, दुधी, टिंडे (आपली ढेमसं), तोंडलं, जवाची एक रोटी, ताक. मी स्वतःसाठी एवढं कधी रांधलं नाही.

३० एप्रिल, बुध.

पहिली गोळी! घातली जिभेवर, थुंकली. परत घातली, परत थुंकली, शिवाय माझ्या पायावर. शेवटी काकडीच्या फोडीत खोचली. काकडी बघून डोळे उघडले साहेबांचे. गिळली! बँकेत दिवसभर लक्ष नाही. कॅशमध्ये दोनदा चुकून परत मोजलं.

३ मे, शनि.

वाईट झालं.

शर्माजी तेलाची वाटी आणि रोटी घेऊन आले. मी फाटकात उभी राहिले. सांगितलं, आजारी आहे, तेल विषासारखं आहे त्याला, डॉक्टरांनी बंद केलंय. त्यांनी वाटी दोन्ही हातांत धरली. मग हळूच म्हणाले, "बहनजी, मेरी बेटी का सवाल है."

म्हटलं, दुसरं काळं कुत्रं शोधू. "इस गली में और कहाँ है?" परत गेले. वाटीतलं तेल सांडू नये म्हणून किती हळू चालत होते.

आता गल्लीत बोलणं चालू आहे. महाराष्ट्रवाली बाई कुत्र्याला उपाशी मारते. दूधवाल्याकडून कळलं.

६ मे, मंगळ.

भैरूच्या मिशांना तूप! काल माझ्यासमोर मुगडाळ खाल्ली आणि आज तोंड चकचकीत. खाली गेले. मांजी चुलीपाशी, पाठमोऱ्या.

"मांजी, चूरमा दिया?"

मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "ये जो लाए थे इसे... पहले दिन इनके हाथ से चूरमा खाया था. अब कोई मुझे बोले मत खिला."

मी जमिनीवर बसले त्यांच्याशेजारी. डॉक्टरांनी सांगितलेलं चुलीचं सगळं सांगितलं, माझ्या मोडक्या हिंदीत. त्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "मतलब मेरे घी से मरेगा?"

"घी का दोष नहीं, मांजी. चूल्हा जलने दो पहले."

संध्याकाळी तुपाचं भांडं वरच्या फळीवर ठेवलेलं दिसलं, हात न पोचणाऱ्या.

११ मे, रवि.

भाजी घेऊन आले आणि फाटक वाजवलं. भैरू उभा राहिला. उभा! शेपूट हललं, ते केस गेलेलं शेपूट, इकडून तिकडे एकदा. मग बसला.

एवढंच. पण मी भाजी तिथेच ठेवली आणि मांजींना हाक मारली. त्या म्हणाल्या, "मुझे तो कुछ नहीं दिखा." मी पाहिलं ना!

१६ मे, शुक्र.

भुंकला!!!

सकाळी दूधवाल्यावर. दूधवाल्याच्या हातातून माप पडलं. या घराला दोन वर्षं दूध घालतोय, पण भैरूचा आवाज त्यानं ऐकलाच नव्हता. मांजी पिठाच्या हातांनी धावत बाहेर आल्या. भैरू स्वतःच्याच आवाजानं दचकल्यासारखा उभा. मग परत भुंकला, मोठ्यानं, खात्री करून घेतल्यासारखा. मांजींनी पदर डोळ्यांना लावला आणि डोळ्यांत पीठ गेलं. मग दोघी हसत सुटलो. दूध सांडलं ते सांडलंच.

बँकेत जाताना डॉ. माथुरांकडे वाकडी वाट करून गेले, एवढंच सांगायला. टेबलावर हात आपटला त्यांनी. "मैं सही था!" शिपाई घाबरला.

२४ मे, शनि.

शर्माजी आज फाटकापर्यंत आलेच नाहीत. आपल्या ओट्यावर वाटी घेऊन बसून होते. तीन शनिवार गेले. मुलगी खिडकीत. मला त्यांच्याकडे बघवेना.

मी वर आले आणि डोक्याला तेल लावायला बसले. हात केसांत, आणि एकदम सुचलं. तेल पोटातच का जायला हवं? भैरूची कातडी कोरडी, भेगा पडलेली, जाड झालेली...

केस तसेच मोकळे, तेलकट, मी रस्ता ओलांडून त्यांच्या ओट्यावर. "शर्माजी, रोटी राहू द्या. तेल भैरूच्या पाठीला लावा ना." ते बघतच राहिले. मग म्हणाले, पंडितजींना विचारावं लागेल. म्हटलं, विचारा, मी डॉक्टरांना विचारते. दोघांचं जमलं तर आपलं जमलं!

२७ मे, मंगळ.

डॉक्टर: चालेल. पातळ हातानं लावा, चोळा, मग फडक्यानं पुसून घ्या, चाटता कामा नये.

पंडितजी (शर्माजींनी स्वतः येऊन सांगितलं, जिना चढून, पहिल्यांदाच): "दान कुत्ते तक पहुँचना चाहिए. मुँह से पहुँचे या पीठ से, शनि महाराज हिसाब नहीं पूछते."

असे पंडितजी सगळ्यांना मिळोत.

३१ मे, शनि.

गल्ली बघायला जमली होती. शर्माजी धोतर खोचून अंगणात बसले, शनीच्या दानात बघतात तसा तेलात आपला चेहरा बघितला, डोळे मिटले, आणि मग भैरूच्या पाठीवर हात फिरवायला सुरुवात केली. आधी बोटांच्या टोकांनी. भैरूनं पाय पसरले आणि असा काही सुस्कारा सोडला की शर्माजी हसले. त्यांना हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मग तळहातानं लावायला लागले. बाकीची घरंही आली. सगळ्यांचं तेल मिळून एकाच वाटीत, त्यातलं चमचाभर लावायचं, बाकी देवळातल्या दिव्याला. हे मांजींनी ठरवलं, मी नाही. "सब लगाओगे तो फिसल जाएगा," म्हणाल्या.

८ जून, रवि.

केस गळताहेत! आधीपेक्षा जास्त. अंगणभर काळे पुंजके. मांजी झाडून थकल्या. सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे. मला रडूच यायचं राहिलं. राखीला दोनच महिने उरले.

९ जून, सोम.

डॉ. माथुर: "बढ़िया!"

म्हटलं, बढ़िया काय यात? म्हणाले, जुने मेलेले केस धरून बसला होता इतके दिवस. खालून नवे ढकलतायत, म्हणून पडताहेत. थांबा. वजनही उतरलंय. खाणं तेच ठेवा, हात सैल सोडू नका.

घरी येऊन मांजींना तसंच सांगितलं, डॉक्टरांच्याच आवाजात: "बढ़िया!" त्यांना पटलं नाही. मलाही अर्धवटच.

२२ जून, रवि.

शेपटी उजेडात धरून पाहिली. लव! अगदी बारीक, काळी, मखमलीसारखी. उलट हात फिरवला तर कळते. मांजींचा हात धरून फिरवला. शर्माजींना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "तेल का असर है." म्हटलं, असेल! गोळीचा, तेलाचा, टिंड्यांचा, कुणाचा का असेना!

हल्ली बँकेतून येताना मी पाय ओढत येत नाही. गल्लीच्या तोंडापासून पळतच सुटते. एकदा शेजारच्या भाभीजींनी विचारलं, बहनजी, काही झालं का?

९ जुलै, बुध.

डॉक्टरांनी गेल्या महिन्यात गोळी वाढवली होती. आज मी बँकेतून घरी आले तर भैरू अंगणात नुसता येरझाऱ्या घालतोय. जीभ बाहेर, धापा, घागरभर पाणी पिऊन परत पाणी. बसवलं की उठतो. छातीवर हात ठेवला तर ठोके मोजताच येईनात, इतके पळत होते. जे हृदय एकेका ठोक्याला वाट बघायला लावत होतं ते! मांजी पंखा घालत बसल्या, आणि मी शर्माजींच्या स्कूटरवर मागे, दवाखान्यात. आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसाच्या स्कूटरवर. काही वाटलं नाही.

डॉक्टर म्हणाले, चूल जास्त पेटली. गोळी कमी. दोन दिवस बंदच, मग अर्ध्यानं सुरू. "डरिए मत. बुझे से जला हुआ अच्छा."

१३ जुलै, रवि.

शांत झाला. ताक प्यायला, जवाची रोटी खाल्ली, ताट चाटूनपुसून माझ्याकडे बघितलं. तो दुःखी चेहरा कुठे गेलाय? गालांची सूज उतरली आणि खाली एक चांगला खट्याळ कुत्रा निघाला.

मांजींनी आज स्वतः टिंडे उकडले. मीठ न घालता. चव घेऊन थू केलं आणि म्हणाल्या, "बेचारा." मग ताटात आणखी एक टिंडा वाढला. माझ्याकडे चोरून बघितलं. मी न बघितल्यासारखं केलं.

२ ऑग., शनि.

जिना चढला! माझ्या दारात येऊन उभा, धापा नाहीत, काही नाही. गोळीच्या वेळेला. काकडी मागायला आला होता, आणखी काय.

काटा: सव्वीसच्या आसपास. गुरांच्या काट्यावरचा माणूस म्हणतो, बाकीचा कुत्रा कुठे ठेवून आलात?

१९ ऑग., मंगळ. राखी.

लिहितानाही हसू आवरत नाही.

कैलास बायकामुलांना घेऊन आला. जीप थांबली, आणि काळाभोर, चकचकीत, कान उभे केलेला भैरू फाटकावर पुढचे पाय टाकून भुंकला. कैलास जीपमधून उतरेचना. "अम्मा! ये नया कुत्ता कब लिया? और वो पुराना कहाँ छोड़ा?"

मांजी दारात उभ्या. लगेच उत्तर दिलं नाही त्यांनी. ती मजा किती वेळ पुरवली! मग म्हणाल्या, "ये ही है. नाम लेके बुला."

"भैरू?"

भैरू शेपूट हलवत जीपपाशी. ते शेपूट! झाडूसारखं भरलेलं! मुलं खाली उड्या मारून त्याच्या गळ्यात. कैलास त्याच्या मानेवर बोट फिरवून टक्कल शोधत होता. शर्माजी ओट्यावरून ओरडले, "खुजली लग जाएगी, कैलासजी!" सगळी गल्ली हसली.

मांजींनी मला राखीची मिठाई, घेवर दिला. भैरूला काकडी.

२४ ऑग., रवि.

हे मी धरलंच नव्हतं.

कैलासचा निरोप आला. चौमूंच्या गोदामात चोऱ्या होतात, राखणीला कुत्रा हवा, भैरूला नेतो. घरचाच तर आहे. मांजींनी मला खाली बोलावून सांगितलं, भाजी निवडत, मान खाली.

मी म्हटलं, गोळी? रोज सकाळी, उपाशीपोटी, जन्मभर. आणि तिथे गोदामात धान्य, गूळ, तेल. कोण बघणार खाण्याकडे?

"कहता है, दे दूँगा. गोली में क्या है."

गोळीत काय आहे! मुलगा त्यांचा. कुत्रा त्यांच्या यजमानांनी आणलेला. मी कोण? भाडेकरू. उद्या बदलीची ऑर्डर आली तर पेटी उचलून जाणारी.

मांजींनी शेंगांचं टोपलं बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "गणेश चौथ तक तो नहीं भेजूँगी. उसके बाद देखेंगे." देखेंगे!

७ सप्टें., रवि. गणेश चतुर्थी.

वर माझ्या खोलीत लहानसा गणपती. मोदक केले. मांजी, शर्माजी, त्यांची मुलगी सगळे आले. मुलीला बघायला येत्या महिन्यात जोधपूरचे लोक येणार आहेत. शर्माजी हळूच सांगून गेले, कुणाला बोलू नका म्हणून. भैरू उंबऱ्यावर, मोदकांकडे डोळे. कुणी दिला नाही. शर्माजींच्या मुलीनं त्याच्यापुढे हात पसरून दाखवले, रिकामे आहेत बघ. त्यानं हुंगून खात्री केली.

कैलास पुढच्या रविवारी जीप घेऊन येणार.

११ सप्टें., गुरु.

सकाळी काकडी घेऊन अंगणात गेले. भैरू नाही. फाटक बंद. भिंतीला ओरखडे. भिंत ओलांडून गेलाय! दोन पायऱ्या चढताना बसायचा, तो भिंत ओलांडून!

दूधवाला हसला. "भादवा है, बहनजी. लड़का जवान हो गया."

भाद्रपद! आमच्याकडे म्हणच आहे भाद्रपदातल्या कुत्र्यांची, आणि माझ्या डोक्यात आलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ग्रंथी झोपली की तेही सगळं झोपतं. म्हणजे तेही जागं झालं. मांजींना कसं सांगू या विचारात होते, तर त्या पदरात तोंड लपवून हसत होत्या.

गोळी राहिली आजची.

१३ सप्टें., शनि.

अजून नाही. शर्माजी तेलाची वाटी घेऊन अंगणात बसून राहिले आणि उठले. मी दवाखान्यात विचारून आले. दोन-चार दिवसांनी काही होत नाही, गोळीचा असर अंगात राहतो. पण फार दिवस गेले की चूल पुन्हा विझत जाईल. आणि कुठे कुठे खात असेल?

१४ सप्टें., रवि.

कैलास जीप घेऊन आला. साखळी आणली होती, नवी. वाट बघितली, चहा घेतला, परत वाट बघितली. चिडला. "अम्मा, आप लोगों ने छुपाया है?" मांजी म्हणाल्या, "छत पे देख ले, संदूक में देख ले."

त्यानं खरंच छतावर जाऊन बघितलं!

मग म्हणाला, आला की कळव, लगेच येतो. साखळी इथेच ठेवून गेला, खुंटीला. तो गेल्यावर मांजी म्हणाल्या, "बाईजी, आ गया तो... मैं इसको क्या बोलूँ?" मी म्हटलं, मांजी, तुमच्या मनात काय आहे? त्या चहाच्या कपबशा उचलायला लागल्या.

१६ सप्टें., मंगळ.

शर्माजी ऑफिसातून थेट इकडे, स्कूटर चालूच ठेवून ओरडत. "बहनजी! दिखा! दिखा!"

मी जिना तीन-तीन पायऱ्यांनी उतरले. मांजी दारात. मुरलीपुऱ्यात, रेल्वेफाटकाच्या पलीकडे, सात-आठ कुत्र्यांच्या घोळक्यात. पुढे एक तांबूस कुत्री, तिच्या मागे हा. चिखलानं माखलेला, एक कान फाटलेला, पण तोच. शर्माजींनी स्कूटर मागे घातली, हाक मारली.

"देखा उसने? पहचाना?" मांजींनी विचारलं.

"देखा. दुम हिलाई." शर्माजींना धाप लागली होती, जणू तेच पळत होते. "फिर भागा. बहनजी, क्या भागा! मैं चालीस पे था, हाथ नहीं आया!"

मांजी "हे राम" म्हणत हसल्या, रडल्या, काय ते कळलं नाही. मला तर ओरडावंसं वाटत होतं. हाती लागला नाही! एकेकाळचा अडतीस किलोचा भैरू स्कूटरच्या हाती लागला नाही!

उद्या उजाडता शर्माजी आणि मी मुरलीपुऱ्याला. गोळी पुडीत बांधलीय, काकडी घेतलीय. साखळी घेऊ का विचारलं तर मांजी म्हणाल्या, "रहने दो." मग थोड्या वेळानं स्वतःच खुंटीवरून काढली, हातात धरून उभ्या राहिल्या, परत टांगली.

सापडला तर कुठे आणायचा ते अजून कुणी ठरवलेलं नाही, पण उद्याची मुगडाळ मांजींनी आत्ताच भिजत घातलीय.